खुलासा : सोसायटीतला फ्लॅट मूळ किमतीला?

सांगलीत विश्रामबागच्या ग्रुपवर फिरतंय : ‘सहकारी सोसायटीतलं घर मूळ किमतीलाच विकावं लागतं, म्हणून तिथं सट्टा नाही.’ चूक. आपल्याकडं सभासद बाजारभावानंच विकतो. किरकोळ शुल्क सोडलं तर संस्थेला मिळतो फक्त हस्तांतर प्रीमियम, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर करताना घेतली जाणारी रक्कम; महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. बहुतेक ठिकाणी तर बिल्डरनं फ्लॅट विकल्यावर संस्था नोंदवलेली. ‘सहकारी’ फक्त पाटीवर.

मेसेजातली गोष्ट दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशाची असावी. तिथं १९६८च्या कायद्याखालच्या वापरकर्ता संस्थांत घर संस्थेचंच राहतं, सभासदाला राहायचा हक्क. सोडताना त्याचा भरलेला वाटा परत मिळतो. गल्लीत भाव कितीही चढू दे.

आमच्या शेअर सर्टिफिकेटवर ५० रुपयांचे १० शेअर आहेत. ते बघून कुणी फ्लॅट पाचशेला मागू नये म्हणजे झालं!