सहा मिनिटांच्या पाठाला ‘नाटक’ म्हणताना

‘एक निवृत्त शिक्षक’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस नमस्कार.

सूक्ष्म अध्यापनावरच्या, म्हणजे होऊ घातलेल्या शिक्षिकांनी आपल्याच मैत्रिणींपुढे छोटा पाठ घेऊन एकेक कौशल्य सरावायच्या पद्धतीवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘मैत्रिणींपुढे सहा मिनिटांचं नाटक करून कुणी शिक्षक होत नाही. असले कागदी घोडे प्राध्यापकांनाच लखलाभ. पीटीसी हे नाव केव्हाच गेलं. आणि वडोदऱ्यात मराठी मुली गुजराती वर्गात शिकवतात, त्याचं काय?’

नावाचं आधी. तुमचं बरोबर आहे, प्राथमिक शिक्षकांच्या त्या प्रशिक्षणाचं नाव आता डी.एल.एड. आहे. इथे घरोघरी अजून पीटीसीच म्हणतात, तसंच लिहिलं गेलं. दुरुस्ती केली आहे.

पण ‘लखलाभ’? मतभेद मांडायची ही रीत झाली का? रात्री जागून पाठ टाचण लिहिणाऱ्या मुलींच्या कष्टाला नाटक म्हणण्याआधी एखादा पाठ मागच्या बाकावर बसून पाहायचा होता. पंधरा वर्षं सराव पाठांची निरीक्षणं करतेय, ऐकीव काही लिहीत नाही.

सहा मिनिटं हा चक्राचा फक्त पहिला भाग. अध्यापन ६, प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते पाहणाऱ्यांनी सांगणं) ६, पाठ नव्याने आखायला १२, मग दुसऱ्या गटापुढे पुन्हा अध्यापन ६ आणि प्रत्याभरण ६ : एकूण ३६ मिनिटं. समोर पाच ते दहा जणी, कौशल्य एकच. ही पद्धत १९६० च्या दशकात स्टॅनफर्डला सुरू झाली आणि भारतात तिच्यावर काम झालं ते आपल्या सयाजीराव विद्यापीठातही. तुमच्याच गावात, महाशय.

प्रश्न कौशल्य घ्या. पाठ आहे ५२ वजा २७. छात्राध्यापिका फळ्यावर उदाहरण मांडते, सोडवते आणि विचारते, ‘कळलं का?’ सगळ्या ‘हो’ म्हणतात. निरीक्षणपत्रिकेत या प्रश्नाला काही किंमत नाही, कारण त्यातून कुणाच्या डोक्यात काय आहे ते कळतच नाही. दुसरीतलं मूल इथे हमखास ३५ लिहितं : दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन काढतं. ‘चूक’ म्हणून पुढे गेलं की ती चूक चौथीपर्यंत सोबत येते. विचारायचं असतं, ‘हे पाच कसे आले?’ आणि मग किमान तीन सेकंद गप्प राहायचं. नव्या शिक्षिकेला हे तीन सेकंदच सगळ्यात जड जातात, ती स्वतःच उत्तर देऊन टाकते.

मग काड्या. दहादहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. एका गठ्ठ्याचं रबर मुलानेच काढायचं, बाईंनी नाही. आता चार गठ्ठे, बारा सुट्या. सात काढल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे काढले, दोन उरले. पंचवीस. (‘उसना घेतला’ हे शब्द मी टाळायला सांगते. उसनं घेतलेलं परत करावं लागतं, इथे काहीच परत जात नाही. ‘दशक सुटा केला’ म्हणावं.)

मैत्रिणी मुलांसारख्या चुकत नाहीत, हा आक्षेप तुम्ही नीट मांडला असतात तर आनंदाने बोलले असते. त्यावर उपाय आहे. पाठाआधी दोघीतिघींना चिठ्ठ्या द्यायच्या : एकीने ३५ सांगायचं, एकीने गप्प बसायचं, एकीने काड्या मोजताना एक सोडायची. कुणाला कोणती चिठ्ठी हे शिकवणारीला माहीत नसतं. बारा मिनिटांत ती जो प्रश्न बदलते, तोच पुढे चाळीस मुलांच्या वर्गात तिच्या तोंडी येतो. त्या वर्गाला पर्याय आहे असं मी कुठे म्हटलं? आंतरवासितेला (शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला) ९० टक्के हजेरीची अट आहे, ती उगीच नाही. पण हा प्रश्न कुणी तिथे ३५ लिहिणाऱ्या मुलापुढे पहिल्यांदाच विचारून बघू नये, एवढंच माझं म्हणणं.

गुजराती माध्यमाचा विषय वेगळा आहे. वजाबाकीला बादबाकी आणि एककाला एकम म्हणायला आमच्या मुली आठवड्यात शिकतात. ‘हे पाच कसे आले?’ असं विचारून थांबायला त्याहून फार जास्त वेळ लागतो.