ताजीन चालतं, मुलाणी नको

गेल्या रविवारी आमच्या चुलत भावंडांच्या ग्रुपवर दादाने फर्मान काढलं : यंदाच्या जत्रेला बोकड झटक्याचाच पाहिजे. हलाल नको, गावात बोकड कापणारा मुसलमान मुलाणी तर नकोच. खाली मल्हार सर्टिफिकेशनची जुनी बातमी जोडलेली. मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी ती टूम काढली, हिंदूंच्या दुकानांतून हिंदूंसाठी झटका मटण, आणि तेव्हापासून दादाच्या अंगात अधूनमधून मल्हारी संचारतो. बघता बघता चौदा अंगठे आणि तीन भगवे झेंडे जमा. मी इकडे ब्रसेल्सच्या ट्राममध्ये ते वाचत बसले आणि माझा स्टॉप गेला.

राग आला तो दादाच्या मतापेक्षा त्याच्या विसरभोळेपणाचा. मागच्या मे महिन्यात तो आणि वहिनी आठवडाभर आमच्याकडे होते. तिसऱ्या दिवशी बटाट्याचे काप आणि वाफल यांना कंटाळून दादा म्हणाला, ‘काहीतरी झणझणीत नाही का मिळत तुमच्या ब्रसेल्सात?’ झणझणीत मिळत नाही, पण मसालेदार मिळतं. मी त्यांना कालव्यापलीकडे मोलेनबेकला, मोरोक्कन वस्तीच्या भागात, शोसे द गाँ या रस्त्यावरच्या एका मोरोक्कन हॉटेलात घेऊन गेले. दारावर हिरव्या अक्षरांत अरबी आणि लॅटिन लिपीत ‘हलाल’ लिहिलेलं. दादाने ते वाचलं. मी त्याला वाचताना पाहिलं. आणि तो आत शिरला.

वहिनीने मोबाइलवर ‘हलाल पर्याय उपलब्ध’ असं काहीसं पाहिलं होतं. तिला वाटलं, आपल्याकडे जैन पदार्थ वेगळे असतात तसा काही प्रकार असेल. असल्या हॉटेलात पर्याय कुठला? अख्खं स्वयंपाकघरच हलाल. पर्याय असतो तो सँ-जिलच्या बाजूला, पितळी दिवे आणि गाद्यागिरद्यावाल्या ठिकाणी, जिथे मटण हलाल असतं आणि शेजारी मेक्नेसची रेड वाइन. ती बेल्जियन गिऱ्हाइकासाठी. मोलेनबेकला पुदिन्याचा चहा प्या, नाहीतर कोक प्या.

आधी हरीरा आलं. टोमॅटो, मसूर, छोले, कोथिंबीर. वहिनी म्हणाली, आमटीच की! मग झालूक, म्हणजे वांग्याचं भरीतच, फक्त शेंगदाण्याच्या कुटाऐवजी ऑलिव्ह तेल आणि जिरं. आणि मग शंकूच्या झाकणाखाली कोकराचं ताजीन. सुका आलुबुखार, वर तळलेले बदाम, हाडापासून आपोआप सुटणारं मांस. मसाला रास एल हानूत. नावाचा अर्थ ‘दुकानातलं सगळ्यात वरचं’, आणि प्रत्येक दुकानदाराचं प्रमाण वेगळं. आमच्या काळ्या तिखटाचं घराघरात असतं तसंच. दादाने गोल पावाच्या तुकड्याने ताजीनचं बूड पुसून खाल्लं. फोटो काढला, स्टेटसला लावला : ‘ऑथेंटिक!’ तेव्हा कुणाच्या सुरीने काय कापलं, हे त्याने विचारलं नाही.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. त्यावर त्याचं उत्तर : ‘प्रवासात चालतं.’

मग मीही पेटले. आमच्या गावात, सातारा जिल्ह्यात, बोकड मुलाण्यानेच कापायचा ही रीत कुणी मुसलमानाने आणलेली नव्हती, गावगाड्यानेच घालून दिलेली होती. मुलाणी हा बलुतेदार. जत्रेत, नवसाला, जागरणाच्या दुसऱ्या दिवशी त्यालाच बोलावणं जायचं. त्याने कलमा म्हणून सुरी फिरवल्याशिवाय आमचे आजोबा मटणाला शिवत नसत, आणि आजोबा माळकरी नव्हते इतकंच. बाकी कपाळाला भंडारा रोज. सुगीला खळ्यावर मुलाण्याचं बलुतं वेगळं काढलेलं असायचं. पिढ्यान् पिढ्या आमच्या घरात हलाल शिजलं, फक्त तो शब्द कुणी उच्चारला नाही. पाण्याला कुणी ओलं म्हणत नाही, तसं.

इथवर माझी बाजू भक्कम होती. मग मला शहाणपणा सुचला. मी लिहिलं, इकडे बघा कसं आहे. कुसकुस हा रव्याच्या कण्यांचा पदार्थ कुणाचा यावरून भांडत न बसता मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया यांनी एकत्र अर्ज केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत चौघांचं नाव लागलं. दादाने पाच मिनिटांत शोधून काढलं, की ऑगस्ट २०२१ मध्ये अल्जीरियाने मोरोक्कोशी राजनैतिक संबंधच तोडले. ‘कुसकुस खाऊन तोडले का?’

मी विषय बदलला. म्हटलं, बेल्जियममध्येही हलालवर वाद होतो, पण तो प्राण्याच्या वेदनेवर होतो, कापणाऱ्याच्या धर्मावर होत नाही. जनावराला आधी बेशुद्ध न करता कापायला बेल्जियमच्या फ्लांडर्स प्रांताने जानेवारी २०१९ पासून आणि वालोनिया प्रांताने त्याच वर्षी सप्टेंबरपासून बंदी घातली. ब्रसेल्सच्या विधिमंडळाने जून २०२२ मध्ये तीच बंदी फेटाळली. स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बंदी योग्य ठरवली. लिहिताना मला माहीत होतं, की इथेही कोकराच्या वेदनेवर गळा काढणाऱ्यांत काही असे आहेत ज्यांना एरवी मोरोक्कन माणूसच शेजारी नको असतो. ते मी लिहिलं नाही. माझ्या सोयीचं नव्हतं.

आणि मग दादाने तो प्रश्न टाकला. ‘एवढं प्रेम आहे तर घर मोलेनबेकला का नाही घेतलंस?’

मी उत्तर दिलं नाही. इथे देते.

आम्ही घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, वोलुवेला घेतलं. शाळा, मेट्रो, झाडं, अशी कारणं मी सगळ्यांना सांगते, आणि ती खोटी नाहीत. पण २२ मार्च २०१६ ला मालबीक मेट्रो स्टेशनवर दहशतवादी स्फोट झाला, तेव्हा ती माझी रोजची मेट्रो होती; त्या दिवशी मुलीला ताप होता म्हणून मी घरी राहिले. हल्लेखोरांचे धागेदोरे मोलेनबेकपर्यंत गेले, आणि त्यानंतर वर्षभर मोलेनबेक हे नाव ऑफिसात ज्या सुरात घेतलं जायचं, त्या सुरात मीही घ्यायला लागले. ‘आम्ही भारतीय वेगळे, शिकून आलोय, कुणाच्या अध्यात ना मध्यात’ हे जेवणाच्या सुट्टीत मी किती वेळा म्हटलं असेल, मोजलं नाही. समोरचा बेल्जियन मान डोलवायचा. मला ते आवडायचं.

या मोरोक्कन लोकांना बेल्जियमनेच बोलावून आणलं. १९५६ मध्ये मार्सिनेलच्या कोळसा खाणीत आग लागून २६२ माणसं मेली, त्यांत निम्म्याहून जास्त इटालियन. इटलीने मजूर धाडायचे थांबवले, म्हणून बेल्जियमने आणखी लांब हात पसरला आणि १७ फेब्रुवारी १९६४ ला मोरोक्कोशी करार केला. रीफच्या डोंगरातली माणसं खाणीत उतरली. मी आले कंपनीच्या खर्चाने, बिझनेस व्हिसाचा फोल्डर काखेत मारून. त्यांच्या नातवंडांपेक्षा मी इथली जास्त, असं मला वाटायचं तरी कशाच्या जोरावर, देव जाणे.

त्याच हॉटेलात, दादा हात धुवायला गेला तेव्हा, वाढणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी हसून मला विचारलं, ‘पाकिस्तान?’ मी म्हटलं, ‘नाही, भारत.’ आणि श्वास न घेता पुढे, ‘हिंदू.’ त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं, की ताजीन गायीचं आणू की कोकराचं. भारत ऐकल्यावर त्यांनीच गोमांसाच्या ओळीवर बोट ठेवून नकाराची मान हलवली, आणि पाव दोन जास्तीचे आणून ठेवले. त्या दोन पावांची मला अजून लाज वाटते.

काल काकूचा फोन आला. जत्रा चैत्रात आहे, तरी तिला आत्तापासून घोर. म्हणाली, ‘अगं, मुलाण्याचा नातू साताऱ्यात गॅरेज चालवतो. पूर्वी न सांगता यायचा, आता म्हणतो बोलावलं तर येतो. आणि बोलवायचं कुणी, ते ठरत नाहीये.’ झटक्याचा माणूस कुठून आणायचा, हेही दादाने अजून सांगितलेलं नाही. काकूचं म्हणणं, यंदा कोंबडीवर भागवू.

फोन ठेवला आणि ग्रुप उघडला. दादाने ताजीनचा तोच फोटो परत टाकला होता. ‘मिस यू ब्रसेल्स.’ मी अंगठा दिला.