मोठं कलिंगड म्हणजे इंजेक्शन नव्हे

मागच्या आठवड्यात मामांनी शेतातलं कलिंगड पाठवलं. काट्यावर साडेअकरा किलो भरलं. काकूंनी ते कापलं, ताटात फोडी मांडल्या आणि मग फोन बघितला. पाच मिनिटांत सगळ्या फोडी ओल्या कचऱ्यात. घरच्या ग्रुपवर तेव्हाच एक मेसेज येऊन पडला होता. माणसाच्या मांडीपर्यंत येणाऱ्या एका अवाढव्य कलिंगडाचा फोटो आणि खाली मजकूर: हे अमेरिकेच्या प्रयोगशाळेत जनुकं बदलून बनवलेलं जीएम कलिंगड आहे, आता तेच बियाणं आपल्याकडे आलंय, शेतकरी वरून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देऊन एका रात्रीत फळ दुप्पट करतात, आत भेग दिसली की समजा सुई टोचली आहे, बिनबियांचं खाल्लं तर मूल होत नाही. शेवटी नेहमीचं, 'दहा जणांना पाठवा'.

मामांना कळलं तेव्हा ते फक्त 'बरं' म्हणाले. देठाजवळची तार वाळली आहे ना, जमिनीला टेकलेला डाग पिवळा झाला आहे ना हे बघून, बोटांनी वाजवून त्यांनी ते फळ आमच्यासाठी तोडलं होतं. त्यांचं ते 'बरं' माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी तो फोटो. एवढी कलिंगडं खरोखर असतात, पण ती प्रयोगशाळेतून आलेली नाहीत. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात होप नावाचं गाव आहे. तिथले शेतकरी शंभर वर्षांपासून मोठ्या कलिंगडांसाठी एकमेकांशी चढाओढ करतात. १९२६ साली गावात पहिल्यांदा कलिंगडाची जत्रा भरली. याच भागातल्या मिडलब्रुक्स या शेतकऱ्यानं १९३५ साली १९५ पौंडांचं, म्हणजे ८८ किलोंचं कलिंगड पिकवलं. साल परत वाचा. डीएनएची रचना उलगडली १९५३ साली. जनुक बदललेलं पहिलं रोप तयार झालं १९८३ साली. मग १९३५ मध्ये कुणी कसली जनुकं बदलली? हा एक आकडा मेसेजच्या पहिल्या ओळीला पुरेसा आहे.

आता वाणाचं. आजच्या बहुतेक महाकाय कलिंगडांचं मूळ 'कॅरोलिना क्रॉस' या वाणात आहे आणि त्याचं श्रेय जातं नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या टारबरो गावच्या एडवर्ड वीक्स यांना. १९७५ साली त्यांच्या १९७ पौंडांच्या कलिंगडाची गिनीज बुकात नोंद झाली. मिडलब्रुक्सच्या फळापेक्षा दोन पौंड जास्त, आणि मधे चाळीस वर्षं! एका रात्रीत दुप्पट म्हणणाऱ्यांनी हे दोन पौंड डोळ्यांपुढे ठेवावेत. २००५ साली होपच्याच स्पर्धेत लॉइड ब्राइट यांनी याच वाणाचं २६८.८ पौंडांचं, म्हणजे जवळपास १२२ किलोंचं फळ आणलं. २०१३ मध्ये टेनेसीच्या ख्रिस केंट यांचं फळ ३५०.५ पौंड भरलं, १५९ किलो.

हे होतं कसं? कलिंगडाच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फुलाखाली वाटाण्याएवढं कलिंगड आधीच असतं. ते फूल उमलायच्या आधी झाकून ठेवायचं आणि सकाळी हव्या त्या वेलाचं नर फूल त्यावर हातानं फिरवायचं. नंतर वेलावर एकच फळ ठेवून बाकीची खुडायची, म्हणजे सगळं पोषण त्या एकाकडे जातं. हंगाम संपला की सगळ्यात मोठ्या फळाचं बी पुढच्या वर्षासाठी राखायचं. आपल्याकडे पणजी भोपळ्याचं बी राखेत घालून ठेवायची, तीच ही रीत, फक्त पिढ्यान्‌पिढ्या चिकाटीनं केलेली. जीएम कलिंगड आजही कुठल्या बाजारात विकायला नाही.

आता इंजेक्शन, ज्यापायी फोडी कचऱ्यात गेल्या. ऑक्सिटोसिन हे सस्तन प्राण्यांचं संप्रेरक आहे. बाळंतपणात गर्भाशय आकुंचन पावतं आणि पान्हा सुटतो तो त्यामुळे. गोठ्यात म्हशीला हे टोचण्याचा गैरप्रकार चालतो हे खरं आहे आणि या अफवेचं मूळ बहुधा तिथंच आहे. पण वेलाला ना गर्भाशय ना पान्हा. ते औषध काम कशावर करणार? शिवाय पिकत्या कलिंगडाला सुई टोचली की त्या भोकातून गोड रस पाझरतो, जंतू आत शिरतात आणि उन्हात दोन-चार दिवसांत फळ आंबून फसफसतं. एका एकरातली हजारो फळं एकेक टोचून स्वतःच नासवेल असा शेतकरी मला दाखवा. व्यापारी बांधावर येऊन फळ वाजवून बघतो, नासकं उचलत नाही.

आतली भेग? परागीकरण नीट झालं नाही किंवा फळ फार झपाट्यानं वाढलं की गर मधे फाकतो. सुईचा संबंध नाही.

बिनबियांचं कलिंगड जपानच्या हितोशी किहारा यांच्या संशोधनातून आलं. २२ गुणसूत्रांच्या वेलाशी ४४ च्या वेलाचा संकर केला की पुढचा वेल ३३ चा होतो आणि त्याला पक्क्या बिया धरत नाहीत. तो वेल निर्बीज आहे, खाणारा माणूस नव्हे.

एक गोष्ट मान्य करावी लागते. २०११ साली चीनच्या जिआंगसू प्रांतात शेतांमध्ये कलिंगडं खरंच फुटली होती. काहींनी वाढीचं रसायन चुकीच्या वेळी वापरलं आणि त्यात पाऊस झाला. पण तिथंही सुई नव्हती, आणि नुकसान झालं ते शेतकऱ्यांचंच.

मामांच्या वावरात त्याच वेलांवर अजून तीन मोठी फळं आहेत. रविवारी एक घेऊन येणार आहे, मामांनाही सोबत आणणार आहे. काकू, कापायचं तुम्हीच, आणि पहिली फोड मामांच्या हातात द्यायची.