म्हणे जितकं खारट, तितकं शोषण!

काल रात्री मावशीचा फोन आला. नातीला जुलाब लागलेत आणि ही तिला साखर न घालता नुसतं मिठाचं पाणी पाजायला निघालेली. कारण तो फिरणारा मेसेज: पाणी जितकं खारट तितकं पेशी सोडियम जास्त ओढतात, म्हणून जुलाबात पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ घ्या, साखर विष आहे, ती टाळा, आणि मीठ गुलाबीच हवं.

आधी साखरेचं बघू, कारण जीव तिथे धोक्यात येतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आत घेताना सोडियमचे दोन आयन सोबत नेतं, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. कॉलऱ्यातसुद्धा हा रस्ता चालू राहतो. ओआरएस उभं आहे ते यावरच. साखर काढलीत की हे दारच बंद!

आता तो चमचा. पेलाभर पाण्यात ५ ग्रॅम मीठ म्हणजे लिटरला २५ ग्रॅम, जवळपास समुद्राचंच पाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरला मीठ असतं २.६ ग्रॅम. २००२ मध्ये तर त्यातलं सोडियम लिटरला ९० वरून ७५ मिलिमोलवर (रेणू-आयन मोजायचं एकक) आणलं. वाढवलं नाही, कमी केलं! इतकं खारट पाणी आतड्यात गेलं की उलट शरीरातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं. जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियम चढतं, लहान मुलांना झटके येऊ शकतात.

'जितकं खारट तितकं शोषण' यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. पेशींच्या थरातून सोडियम कसं जातं हे बेडकाच्या कातडीवर तपासतात; त्या प्रयोगांत बाहेरचं सोडियम वाढवलं की ते आत जाण्याचा वेग आधी वाढतो खरा. पण पुढे तो जवळपास सपाट होतो. पेशीवरच्या सोडियम आत घेणाऱ्या वाहिन्या, म्हणजे प्रथिनांची बारीक दारं, बाहेर ते फार झालं की स्वतःच आवरतं घेतात. शिवाय आत आलेलं सोडियम पलीकडे ढकलणाऱ्या पंपालाही मर्यादा आहेच. मेसेजवाल्याने आलेखाचा पहिला इंचभर तुकडा पाहिला आणि पट्टी लावून रेघ वर ओढली.

गुलाबी मीठ? तेही सोडियम क्लोराइडच. पेशीला रंग दिसत नाही.

मावशीने शेवटी ओआरएसची पुडी काढली. लिटरभर पाण्याची ती अख्खी पुडी पेल्यातच ओतणार होती, मी फोन ठेवला नव्हता म्हणून बरं.