एका शनिवारी पाच गाठी का नकोत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

स्काउट पथकाच्या वार्षिक नियोजनावरच्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं : शाळेत स्काउटला शनिवारची ३५ मिनिटांची एकच तासिका मिळते. पथकात पाचवी-सहावीची ३२ मुलं आणि शिक्षक एक. अशा वेळी प्रत्येक सभेत दोन खेळ, एका गाठीला तीन आठवडे आणि शिकवल्या दिवशी चाचणी नाही, हे सगळं कागदावरच शोभतं. तुमच्याकडे एका शनिवारी पाच गाठी दाखवून त्याच दिवशी वहीत सह्या होतात, प्रथम सोपान (स्काउटच्या अभ्यासक्रमाचा एक टप्पा) एका सत्रात संपतो आणि पालकही समाधानी असतात. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘खेळच खेळायचे तर पी. टी.चा तास आहेच की!’

वेळेबद्दलचा तुमचा मुद्दा बरोबर आहे. तो लेख दीड तासाच्या सभेचा होता, ३५ मिनिटांना तो जसाच्या तसा लागू होणार नाही. म्हणून खाली ३५ मिनिटांचीच मांडणी देतो. पण त्याच दिवशी सही करण्याबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते बदलणार नाही.

आधी गणित बघा. एका मुलाची एक गाठ नीट तपासायला अर्धा मिनिट लागतो. ३२ मुलांची तपासायची तर १६ मिनिटं, म्हणजे जवळजवळ अर्धी तासिका. तेवढा वेळ बाकीची ३१ मुलं काय करतात? दोराने एकमेकांना मारतात. पाच गाठी एका तासिकेत तपासल्या जातात याचा अर्थ त्या तपासल्याच जात नाहीत. मुलाने शेजारच्याचं बघून कसंबसं वेटोळं केलेलं असतं आणि त्याखाली सही पडते.

यावरचा उपाय म्हणजे संघ पद्धती. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा वीसेक मुलांचे चार संघ केले होते. संघनायकाने आपल्या संघाला शिकवायचं, हा या सगळ्या रचनेचा कणा आहे. तुमच्या ३२ मुलांचे आठ-आठचे चार संघ करा. शुक्रवारी मधल्या सुट्टीत फक्त चार संघनायक आणि चार उपनायकांना बोलावा आणि उद्याची एकच गाठ पंधरा मिनिटांत त्यांच्याकडून पक्की करून घ्या. मग शनिवारी आठ शिक्षक झाले. प्रत्येकाकडे तीन मुलं, तपासणीला दीड मिनिट. तुम्ही फक्त फिरायचं आणि कोणता नायक चुकीचं शिकवतोय तेवढं बघायचं. नायक म्हणून वर्गातला पहिला नंबर निवडू नका. जो मुलगा दुसऱ्याचा हात धरून पुन्हा दाखवायला कंटाळत नाही, तो निवडा.

आता ३५ मिनिटं. पहिली तीन मिनिटं संघवार उभं राहणं आणि प्रार्थना. ध्वजाचा पूर्ण कार्यक्रम महिन्यातून एकदाच ठेवा. ध्वजाची घडी घालून गाठ बांधून तो तयार करण्यातच पाच-सात मिनिटं जातात, आणि घाईत केला तर ध्वज वर जाऊन उलगडतच नाही. पुढची तीन मिनिटं निरीक्षण, तेही नायकांकडून : नखं, रुमाल, स्वतःचा दोर. मग चार मिनिटांचा धावपळीचा खेळ. सकाळच्या शाळेत तास दोन तास बाकावर बसलेली मुलं याशिवाय हात स्थिर ठेवत नाहीत. त्यानंतर दहा मिनिटं संघाच्या कोपऱ्यात कौशल्य, दहा मिनिटं तेच कौशल्य लागणारा खेळ, तीन मिनिटं समारोप आणि पुढच्या आठवड्याची सूचना. उरलेली दोन मिनिटं मोकळी राहू द्या, ती कुठे ना कुठे जातातच. शक्य असेल तर महिन्यातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर साडेअकरा ते एक अशी मोठी सभा घ्या. पालकांची लेखी संमती जूनमध्येच वर्षभरासाठी घेऊन ठेवा.

हा दुसरा खेळ पी. टी.च्या तासाला होऊ शकत नाही, कारण तो म्हणजेच सराव आहे. उदाहरणार्थ रीफ नॉटची, म्हणजे दोन टोकं जोडणाऱ्या सपाट गाठीची शर्यत. समोर खुर्चीवर दोन दोर, मुलाने धावत जाऊन गाठ मारायची, पुढच्याने ती सोडून नवी मारायची. यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. आठ जणांची एक रांग लावली तर प्रत्येक मूल बहुतेक वेळ नुसतं उभं राहतं, म्हणून संघाचे चार-चारचे दोन भाग करा. ‘चुकला तो बाद’ असा नियम लावला तर ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे तोच बाहेर बसतो, म्हणून बाद करणारा खेळ कौशल्यासाठी कधीच नको. आणि वेगाच्या नादात रीफची ग्रॅनी, म्हणजे चुकीची, सरकणारी गाठ होते, म्हणून दुसऱ्या संघाचा नायक तपासनीस ठेवा. ग्रॅनी निघाली तर त्याच मुलाने तिथेच सोडून पुन्हा मारायची.

ग्रॅनी का होते हे नायकांना आधी समजलं पाहिजे. पहिल्यांदा उजवं टोक डाव्यावर घेतलं तर दुसऱ्यांदा डावं उजव्यावर यायला हवं. मुलं दोन्ही वेळा उजवंच वर घेतात. ओळखायची खूण सोपी आहे : रीफमध्ये एका दोराची दोन्ही अंगं फासाच्या एकाच बाजूने बाहेर येतात आणि गाठ सपाट बसते. ग्रॅनीत टोकं आडवी फाकतात आणि ओढलं की गाठ सरकते. हे दिसावं म्हणून दोन वेगळ्या रंगांचे दोर हवेत. नसतील तर अर्धे दोर कपड्याच्या रंगात बुडवून घ्या. आणखी एक : मुलासमोर तोंड करून कधीही गाठ शिकवू नका. त्याला सगळं उलटं दिसतं. त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभं राहायचं.

दोराचा खर्च परवडत नाही असंही तुम्ही लिहिलंत. प्रत्येकी २ मीटर, म्हणजे ३२ मुलांना ६४ मीटर. थोडा जास्तीचा धरून ७० मीटर घ्या. ८ मिलिमीटर जाडीचा सुती दोर घ्या. बाजारात नायलॉनचा स्वस्त मिळतो, पण तो गुळगुळीत असतो. बरोबर मारलेली गाठही त्यात सुटते आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. दोर कापल्या दिवशीच दोन्ही टोकं जाड दोऱ्याने आवळून बांधून घ्या. नाहीतर दिवाळीपर्यंत पीळ उसवून दोराचा झाडू होतो. हे टोक बांधणं अभ्यासक्रमात आहेच, तेव्हा पहिल्याच सभेत मुलांकडून ते करून घेता येतं. स्वतः बांधलेला दोर मूल हरवत नाही.

आता मुख्य वाद : शिकवल्या दिवशी सही. दहा वर्षांचं मूल दाखवल्यावर लगेच जे करतं ती नक्कल असते. सात दिवसांनी, कुणी काही न सांगता, हातात दोर दिल्यावर जे करतं ते त्याला येतं. म्हणून प्रत्येक संघाचा एक तक्ता ठेवा. मुलाने करून पाहिलं की चौकटीत तिरकी रेघ. पुढच्या आठवड्यात किंवा नंतर न सांगता जमलं की तिच्यावर दुसरी रेघ, म्हणजे फुली पूर्ण. सही फुलीनंतरच. यात दुप्पट काम होतं असं तुम्हाला वाटतं, पण दुसरी रेघ निरीक्षणाच्या तीन मिनिटांतच पडते. नायक म्हणतो, ‘नखं दाखव, आता क्लोव्ह हिच मार.’ (क्लोव्ह हिच म्हणजे दोर खांबाला बांधायची गाठ.) वेगळी चाचणी लागत नाही. शनिवारी गैरहजर राहिलेल्या मुलांचा प्रश्नही यातच सुटतो. तक्त्यावर रिकामी चौकट दिसली की नायक मधल्या सुट्टीत ती भरून घेतो. एका गाठीला तीन आठवडे म्हणजे तीन तासिका नव्हेत. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, पुढच्या दोन आठवड्यांत खेळातून आणि निरीक्षणातून. तोवर पुढची गाठ सुरू झालेली असते.

आणि गाठ हवेत तपासू नका. क्लोव्ह हिच काठीच्या टोकावरून दोन फास घालून मारायला मुलं पटकन शिकतात, मग झाडाला मारायला सांगितलं की अडतात, कारण झाडाला मोकळं टोक नसतं. व्हरांड्याच्या खांबावर तपासा. रीफ नॉट प्रथमोपचाराच्या त्रिकोणी पट्टीवर तपासा. तिथे ती का हवी हे मुलाला आपोआप कळतं : सपाट बसते, हाडावर टोचत नाही. वजन पेलायला दोन दोर जोडण्यासाठी मात्र ती नाही, हेही त्याच दिवशी सांगून टाका.

पट्ट्यांसाठी मलमल पुरते. एक मीटर पन्ह्याचं ८ मीटर कापड घ्या, त्याचे आठ चौरस करून कर्णावर कापा. सोळा पट्ट्या होतात, म्हणजे दोन मुलांत एक. कडा शिवून घ्या. हाताची झोळी बांधताना दोन चुका होतात. गाठ मानेच्या मणक्यावर येते, ती बाजूला गळ्याच्या हाडाशी हवी. आणि पंजा कोपरापेक्षा खाली लोंबतो, तो किंचित वर हवा. प्रथमोपचारात तोंडी प्रश्नांपेक्षा नाटक जास्त उपयोगी पडतं. नायकाने नाक धरून रडत यायचं, संघाने उपचार करायचे. दर वेळी कुणीतरी त्याचं डोकं मागे करतं आणि तिथेच शिकवता येतं : डोकं पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा, श्वास तोंडाने. भाजल्यावर टूथपेस्ट किंवा हळद नाही, वीस मिनिटं नळाखालचं वाहतं पाणी. ही उत्तरं वहीत सगळ्यांची बरोबर असतात आणि नाटकात निम्म्यांची चुकतात.

एका सत्रात सोपान संपवण्याच्या घाईत ऋतूंचाही विचार राहून जातो. जून ते ऑक्टोबर अठरा-एकोणीस शनिवार दिसतात, पण १५ ऑगस्टच्या संचलनाचे दोन, गणपतीचा एखादा, सत्र परीक्षेचे दोन आणि मुसळधार पावसाचे एक-दोन वजा केले की बारा हातात राहतात. हे बारा छपराखालचे समजा : प्रतिज्ञा आणि नियम, गाठी, प्रथमोपचार, निरीक्षणाचे खेळ. किम्स गेममध्ये, म्हणजे मांडलेल्या वस्तू थोडा वेळ पाहून आठवून सांगायच्या खेळात, चोवीस वस्तू मांडायचा प्रघात आहे, पण पाचवीच्या मुलांना बारापासून सुरुवात करा, नाहीतर ती तिसऱ्या वस्तूनंतर सोडून देतात. दिवाळीनंतर मैदान : मागाच्या (वाट दाखवणाऱ्या) खुणा, दिशा, चूल, पदयात्रा. मागाच्या खुणांना चुन्याची फक्की वापरू नका, डोळ्यांत गेली तर इजा होते. रांगोळी घ्या. खुणा तीस-चाळीस पावलांवर आणि प्रत्येक फाट्यावर हव्यातच. दगडांच्या खुणा गुरं हलवतात. शेवटच्या संघाने सगळ्या पुसत यायचं.

दिशा हिवाळ्यातच का, याचं कारण बऱ्याच पुस्तकांत नसतं. सूर्य आणि घड्याळाचे काटे यांवरून दिशा काढायची रीत उत्तरेकडच्या थंड देशांत बरी चालते. आपल्याकडे मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य डोक्यावर किंवा दुपारी चक्क उत्तरेला असतो आणि ती रीत फसते. डिसेंबरात मात्र पुण्यात एक मीटर उंचीच्या काठीची दुपारची सर्वांत लहान सावली सुमारे ९० सेंटिमीटर असते आणि ती नेमकी उत्तर दाखवते. पण ही सावली बाराला येत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि पुणे-मुंबई त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे आपली खरी मध्यान्ह साडेबाराच्या आसपास होते. घड्याळात बरोबर बारा वाजता खूण केली तर उत्तर सुमारे दहा अंशांनी पश्चिमेकडे सरकते. म्हणून बारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला सांगा आणि काठीला सर्वांत जवळचा खडा मुलांना शोधू द्या. साडेअकरा ते एकची मोठी सभा इथे कामी येते. मग होकायंत्र आणा आणि ताडून बघा. लोखंडी गोलपोस्ट, बाकाचे पाय आणि खिशातला मोबाइल यांपासून चार पावलं दूर, एवढं मात्र बघा.

शिबिरात तोंडी परीक्षा असते, माहितीचे प्रश्न येतात, त्यांचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माहितीसाठी तासिका खर्च करू नका. संघटनेचा इतिहास, ध्वजाचे रंग, गणवेशाचे भाग असे विषय संघांना वाटून द्या आणि समारोपाच्या तीन मिनिटांत एका संघाने दुसऱ्याला तीन प्रश्न विचारायचे. भारत स्काउट्स आणि गाइड्सची स्थापना ७ नोव्हेंबर १९५० ची, हे मुलांना दिवाळीच्या सुट्टीच्या आधी-नंतर सहज लक्षात राहतं, कारण स्थापना दिन तेव्हाच येतो. लॉगबुकचंही तसंच. इंटरनेटवरची चित्रं छापून आईने सजवलेल्या लॉगबुकला शून्य किंमत द्या. त्या दिवशी मुलाने स्वतः काढलेली वाकडी आकृती आणि दोन ओळी पुरेत.

पालकांना बॅज लवकर हवा असतो, हे खरं. त्यांना तक्ता दाखवा. बॅज देण्याचा कार्यक्रम २२ फेब्रुवारीच्या चिंतन दिनाला ठेवा, जूनच्या पालकसभेत ती तारीख सांगून टाका आणि त्या दिवशी मुलांनी पालकांच्याच हाताला झोळी बांधून दाखवावी.

ज्यांच्या वहीत सह्या आधीच झाल्या आहेत त्या मुलांचं काय करायचं, हा प्रश्न तुमच्यापुढे आता उरेल. सह्या खोडू नका, मुलांचा त्यात दोष नाही. त्यांना पुढच्या सोपानाकडे जाऊ द्या, पण नवीन पाचवी आली की पहिले सहा शनिवार यांनाच एकेका नव्या मुलाला गाठी शिकवायला लावा. तक्त्यावर दोघांचीही नावं लिहा. नव्याची फुली पूर्ण होईपर्यंत जुन्याची चौकट रिकामी ठेवा.