खाकी पानं आणि काळा चौकोन: एका कमेंटला जरा लांबलचक उत्तर

ताई, क्विल्टवरच्या (म्हणजे अमेरिकन गोधड्यांवरच्या) माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट रात्री वाचली तेव्हा खरं सांगते, राग आला होता, सकाळी चहा घेताना परत वाचली तर अर्धी पटली. म्हणून हे एवढं मोठं उत्तर.

तुमचं म्हणणं दोन गोष्टींबद्दल आहे. लॉग केबिन ब्लॉकमधला (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत केलेला क्विल्टचा तुकडा) काळा चौकोन म्हणजे अमेरिकेत पळून आलेल्या गुलामांना 'इथे आसरा मिळेल' अशी खूण, हे मी दंतकथा म्हणून उडवून लावलं आणि त्यात काळ्या बायकांचा इतिहासच पुसला. आणि दुसरं, लाल फुलं-खाकी पानांच्या जुन्या अमेरिकन क्विल्टबद्दल मी 'तेव्हा खाकीची फॅशन होती' असं ठोकून दिलं.

आधी दुसरं घेते, कारण तिथे मी सपशेल चुकले. ती पानं हिरवीच होती. 1870 नंतर स्वस्त सिंथेटिक हिरवे रंग आले, ते धुण्याला-उन्हाला टिकेनात आणि पानांचा पाचोळा झाला. तुमची कमेंट वाचून मी माझ्याकडच्या तुकड्याची एक उसवलेली शिवण उलटून बघितली, तर आत मार्जिनमध्ये दुमडून राहिलेली बोटाच्या पेरापेक्षा अरुंद पट्टी अजून चक्क हिरवी! शेजारचा लाल मात्र ठणठणीत, तो टर्की रेड असणार, म्हणजे मंजिष्ठेच्या भावकीतल्या मुळ्या, तेल, तुरटी असं करत कित्येक दिवस चालणारं काम (हाच लाल स्कॉटलंडहून मोरबीर छापून मुंबईच्या बाजारातही यायचा). एवढी कटकट करून बायकांना लाल का हवा होता, तर तो धुतल्यावर शेजारच्या पांढऱ्यावर उतरत नाही. साधं कारण. लॉग केबिन ब्लॉकच्या मधला लाल चौकोन म्हणजे घरातली चूल असंही सांगतात, ते ऐकायला गोड वाटतं, पण जुन्या लॉग केबिनमध्ये मधे वाट्टेल तो रंग सापडतो, चिंध्यांच्या बोचक्यात जो निघाला तो.

आता काळा चौकोन. लॉग केबिन क्विल्ट मुख्यतः 1860 च्या दशकापासून दिसायला लागतात आणि 1865 ला तर गुलामगिरी कायद्याने संपलीच. विल्यम स्टिल स्वतः फिलाडेल्फियात पळून आलेल्यांना मदत करायचे, एकेकाची हकीकत लिहून ठेवायचे, 1872 ला ते सगळं छापलं, त्यात हा क्विल्टवरच्या खुणांचा कोड नाही. 1930 च्या दशकात गुलामगिरी भोगलेल्या माणसांच्या 2,300 च्या वर मुलाखती घेतल्या गेल्या, त्यात रात्र रात्र जमून गोधड्या शिवल्याच्या आठवणी आहेत पण खुणांबद्दल काही नाही. ही गोष्ट गाजली ती 1999 मध्ये आलेल्या एका पुस्तकामुळे.

आणि इतिहास पुसण्याचं म्हणाल तर हॅरिएट पॉवर्स बघा ना. अमेरिकेतल्या जॉर्जियात 1837 साली गुलामगिरीत जन्मलेली बाई, तिची 11 चौकटींची बायबल क्विल्ट आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, त्यातल्या ईडनच्या बागेतल्या सापाला चक्क पाय आहेत. पैशाची अडचण आली तेव्हा तिने 10 डॉलर मागितले, मिळाले 5. पण विकताना एकेका चौकटीचा अर्थ तिने स्वतः सांगितला आणि घेणारीने तो लिहून घेतला, पुढे पॉवर्स आपली क्विल्ट बघायला परत परत त्या घेणारीच्या घरी जायची. पॉवर्सने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला अर्थ समोर असताना आपण तिच्यासारख्यांच्या नावावर दुसरा कशाला चिकटवायचा, हे मला खरंच कळत नाही.

असो. खाकीचं वाक्य पोस्टमध्ये दुरुस्त केलंय, शिवणीचा फोटोही टाकलाय. 'दंतकथा' मात्र तसंच ठेवलंय, त्यावरून भांडायचं असेल तर या परत.