पाच हजारांत टर्बो मियाटा होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

१९९२ च्या १.६ लिटर माझदा मियाटात (दोन आसनांची छोटी स्पोर्ट्स गाडी) नंतरच्या मियाटाचं १.८ लिटर इंजिन आणि टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंप) बसवून चाकांवर २५० अश्वशक्ती काढायला साडेसोळा हजार डॉलर धरा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. टर्बो किट ऑनलाइन पंधराशेला मिळतं, भंगारातलं १.८ इंजिन सहाशेला, मित्राची गाडी पाच हजारांत पळतेय. गिअरबॉक्स, डिफ (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल) आणि वर वीस टक्के राखीव, हे सगळं आकडा फुगवण्यासाठी.

मित्राचा आकडा मला खोटा वाटत नाही. फक्त तो वेगळ्या गाडीचा आहे. मूळ १.६ इंजिन न उघडता, माफक बूस्टवर (टर्बो दाबतो त्या जादा हवेचा दाब), नीट ट्यून करून चाकांवर १७०-१८० अश्वशक्ती मिळते आणि टिकतेही. हजार किलोच्या आतबाहेरच्या गाडीला तेवढी पुष्कळ झाली. कुणी मला विचारलं तर दहातल्या आठ जणांना मी तिथेच थांबायला सांगेन. पण तिथून २५० वर जायचं म्हणजे बूस्टची चावी थोडी पिळायची, असं नसतं. मधले बरेच भाग एकेक करून हात टेकतात, आणि लेखातला खर्च त्यांचाच आहे.

आधी कॉनरॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. १.८ च्या मूळ रॉडची मर्यादा लोक अश्वशक्तीत सांगतात, पण रॉडला वाकवतो तो टॉर्क. ७,००० आरपीएमला २५० अश्वशक्ती म्हणजे जेमतेम १८८ पाउंड-फूट. तेच इंजिन ३,५०० ला पूर्ण बूस्ट घेऊन २४० पाउंड-फूट द्यायला लागलं, की सिलिंडरमधला दाब सर्वात जास्त तिथेच असतो. मूळ रॉड २२०-२३० च्या पुढे भरवशाचे नाहीत. वाकलेला रॉड लगेच कळत नाही. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन इतरांपेक्षा थोडं कमी येतं, गाडी मात्र पळत राहते, आणि मग एक दिवस रॉड तुटून ब्लॉकला खिडकी पडते. सहाशेचं इंजिन तसंच बसवून टर्बो लावणं म्हणजे हीच पैज.

आता पंधराशेच्या किटकडे. त्यातला टर्बो एक वेळ चालूनही जाईल. खरा घोटाळा वेस्टगेटचा, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला बगल देऊन सोडणाऱ्या झडपेचा. त्याचं तोंड लहान असतं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये त्याची जागाही चुकीची असते. मग ७ पीएसआयला (पाउंड प्रति चौरस इंच) लावलेला बूस्ट वरच्या आरपीएमला आपोआप १०-१२ वर चढतो. बूस्ट कंट्रोलर लावून हे सुटत नाही, कारण वेस्टगेट आधीच पूर्ण उघडलेला असतो. दुसरं म्हणजे टर्बोतून तेल परतायची नळी. ती बारीक असली किंवा वाटेत वर चढत असली तर तेल सीलमधून एक्झॉस्टमध्ये उतरतं, निळा धूर निघतो, आणि लोक टर्बो गेला म्हणून नवा मागवतात. शिवाय अशा किटमध्ये पुष्कळदा ईसीयूऐवजी (इंजिन चालवणारा संगणक) इंधनाचा दाब वाढवणारा रेग्युलेटर दिलेला असतो. त्याने पेट्रोल वाढतं, पण इग्निशन टायमिंग मागे घेता येत नाही. तुमच्या कॅलिफोर्नियात पंपावर बहुतेक जास्तीत जास्त ९१ ऑक्टेन मिळतं, तिथे नॉकिंगला (मिश्रण अवेळी, आपोआप पेटणं) ही उघडी दारं.

इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) मोठे का, हेही तुम्ही विचारलं आहे. हिशेब करून पाहा. गिअरबॉक्स आणि डिफमध्ये वाया जाणारी शक्ती धरली, की चाकांवर २५० म्हणजे क्रँकवर सुमारे २९५. टर्बो इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला ०.६ पाउंड पेट्रोल धरायचं, म्हणजे १७७ पाउंड. चार इंजेक्टरांत वाटून, ते ८५ टक्क्यांच्या वर उघडे राहू नयेत म्हणून ०.८५ ने भागलं, की प्रत्येकी ५२ पाउंड येतात. मिनिटाला साधारण ५५० सीसी. म्हणून ५५० चे इंजेक्टर. ४४० चे शंभर डॉलरनी स्वस्त पडतील, पण त्यांवर २५० चा आकडा गाठणं म्हणजे वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ करणं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणं.

लेखातला हिशेब पुन्हा मांडतो. किमती अमेरिकेतल्या, ढोबळ, आणि मजुरी स्वतःची धरून. वापरलेलं १.८ इंजिन ७००, मशीन शॉप १,०००, फोर्ज्ड (घडीव) रॉड ५००, फोर्ज्ड पिस्टन ६५०, बेअरिंग-गॅस्केट-स्टड-टायमिंग बेल्ट-वॉटर पंप ७००, ऑइल पंप ३५०, क्रँकची कंपनं शोषणारा डॅम्पर ४००. झाले ४,३००. टर्बो, मॅनिफोल्ड, डाउनपाइप, इंटरकूलर, तेल-पाण्याच्या नळ्या आणि तीन इंची एक्झॉस्ट मिळून ३,३००. ईसीयू, वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा), इंजेक्टर, पेट्रोल पंप आणि डायनोवरचं (चाकांवरची शक्ती मोजणारं यंत्र) ट्यूनिंग २,२५०. कूलिंग ७००. क्लचपासून एक्सलपर्यंत ३,३००. बेरीज १३,८५०, वर वीस टक्के, म्हणजे १६,६०० च्या घरात. टायर आणि ब्रेक यात नाहीत, तेव्हा आकडा कमीच धरलाय म्हणालात तर मान्य करीन.

ऑइल पंपावर तुम्ही 'चालू पंप कशाला बदलायचा' असं लिहिलंत. मूळ पंपाचे गिअर दाबलेल्या धातूच्या भुकटीचे असतात आणि थेट क्रँकच्या नाकावर फिरतात. वरच्या आरपीएमला क्रँकला पिळाची कंपनं येतात, रेव्ह लिमिटरवर (आरपीएमची वरची मर्यादा) तर ती गिअरना ठोकतच राहतात. गिअर फुटला की तेलाचा दाब शून्य, आणि तीन-चार सेकंदांत चार हजारांचं इंजिन भंगारात. डॅम्पर काढून हलकी ॲल्युमिनियमची पुली लावणारे हेच लवकर ओढवून घेतात. दोन्ही भाग मिळून ७५० डॉलर. मी इथे पैसे वाचवणार नाही.

कूलिंगचे सातशे डॉलरही असेच नजरेआड होतात. हे इंजिन मुळात माझदा ३२३ मध्ये आडवं बसणाऱ्या घराण्यातलं. मियाटात ते उभं बसवताना मागे फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आली, म्हणून पाण्याची बाहेर पडायची वाट पुढे आणली. पाणी पुढूनच आत, पुढूनच बाहेर. त्यामुळे मागचा चौथा सिलिंडर जास्त तापतो आणि नॉकिंग बहुतेक तिथूनच सुरू होतं. रीरूट किट ही वाट पुन्हा हेडच्या मागच्या बाजूला नेतं. आधी ते, मग मोठा रेडिएटर.

आता ज्याला तुम्ही आकडा फुगवणं म्हणता, ते डिफ. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.१३६, डिफचं ४.३०. कारखान्यातून इंजिनाचा टॉर्क १०० पाउंड-फूट, म्हणजे एक्सलवर साधारण १,३५०. तोच २४० केला की ३,२०० च्या वर. १९९० ते ९३ च्या गाड्यांत सहा इंची क्राउन व्हील (आतलं मोठं दातेरी चाक) असलेला डिफ आहे. चांगल्या टायरवर क्लच झटक्यात सोडला की तोच आधी बोलतो. १९९४ पासून सात इंची आला, काही गाड्यांत टॉर्सनसह (एकच चाक घसरून फिरू न देणारी यंत्रणा). पण नुसता डिफ आणून भागत नाही, त्याबरोबर त्याच गाडीचे एक्सल आणि प्रोपेलर शाफ्टही लागतात. विकणाऱ्याकडून तिन्ही एकत्र घ्या, सुटे जमवायला गेलात तर महाग पडतं. पाच गिअरचा मूळ गिअरबॉक्सही या टॉर्कला फार दिवस पुरत नाही, म्हणून १९९९ नंतरचा सहा गिअरचा धरलाय. तो ३.९०९ च्या डिफसोबत येणारा. ४.१० शी जोडलात तर स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी ९५ वर असेल. क्लच २१५ मिलिमीटरचा, १.८ च्या फ्लायव्हीलसह, १.६ चा २०० चा यात बसत नाही. गिअरबॉक्स चढवताना डिफला जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट नीट ओळीत घ्या, नाहीतर शाफ्टचा कोन बिघडतो आणि ८०-९० वर गाडी घुमायला लागते. मग लोक शाफ्टचं बॅलन्सिंग करत बसतात.

वीस टक्के कुठे जातात? भंगारातलं इंजिन खोलल्यावर. क्रँकवर ओरखडे निघतात, हेड वाकलेलं असतं, एक्झॉस्टचा स्टड आत तुटतो. शिवाय मेन कॅपला जाड स्टड लावले की त्यांच्या ताणाने बेअरिंगची भोकं किंचित वेडीवाकडी होतात, मग ती पुन्हा एका ओळीत घासून घेणं, म्हणजे लाइन होनिंग, आलं. हे आधी कुणीच कोटेशनमध्ये धरत नाही.

मशीन शॉपच्या बाबतीत मात्र पैसे वाचतात ते क्रम पाळूनच. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरला देऊ नका. डब्यावर ८३.५ लिहिलेलं असलं तरी प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याचा सिलिंडर होन करायचा (बारीक घासायचा), तोही हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट आवळून, कारण हेडचे बोल्ट आवळल्यावर बोअरचा आकार बदलतो. रिंगची फट टर्बोसाठी बोअरच्या दर इंचाला ०.००५५ इंच, म्हणजे इथे ०.०१८. ती कमी ठेवलीत तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड उचकटते. पिस्टनसोबत आलेल्या कार्डावर वेगळं लिहिलं असेल तर कार्डाचं ऐका.

'एवढ्या पैशात नंतरच्या सालची वापरलेली मियाटाच का घेऊ नये' हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. हे पैसे विकताना परत येत नाहीत. व्ही-८ बसवायची सूचना पटली नाही. इंजिन स्वस्त मिळतं, पण सबफ्रेम, गिअरबॉक्स, डिफ, सगळंच नवं लागतं.

आणि तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहता असं लिहिलंत, म्हणून हेही सांगतो. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला, अगदी नव्या सोडल्या तर, स्मॉग चेक (धुराची सरकारी तपासणी) चुकत नाही. राज्याचा सूट क्रमांक नसलेला टर्बो किंवा ईसीयू तपासणाऱ्याने पाहिला की गाडी नापास, धूर कितीही स्वच्छ असो. तिथे ही बांधणी ट्रेलरवरून ट्रॅकवर न्यायच्या गाडीचीच धरा आणि ट्रेलरचा खर्च हिशेबात घाला.

मित्राच्या गाडीचा डायनो आलेख मिळाला तर पाठवा. कमाल अश्वशक्ती नको. ३,००० ते ४,५०० मधला टॉर्क आणि त्याच पट्ट्यातला बूस्ट पाहायचा आहे. आणि गाडी अजून मूळ सहा इंची डिफवर असेल, तर मागून टक्-टक् आवाज येतो का, तेही विचारून ठेवा.